पोटखराबाचा रकाना

घाटाखालच्या मुलखात जमीन मोजणाऱ्या माणसास पहिला धडा मिळतो तो असा की, सबंध चांगले असे वावर बहुधा कोणाच्याच नशिबी नसते. बुलढाण्याच्या पठारावरून घाट उतरून मोताळा तालुक्यात प्रवेश केला म्हणजे डोंगराच्या पायथ्याला गावांचा जो पट्टा लागतो त्यात रोहिणखेड आहे. आणि त्या गावाचे शिवार डोंगराच्या अंगास मुरमाड व गोट्यांनी भरलेले, उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्याकडे सरकत जावे तसतसे काळे, खोल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारे, व या दोहोंच्या मध्ये ठिकठिकाणी ओढ्यांनी आणि घळींनी कातरलेले असे आहे. एकाच सर्व्हे नंबरात एका टोकास कमरेइतकी माती लागावी आणि दुसऱ्या टोकास पहार वीतभरही आत जाऊ नये, हा तेथील नित्याचा अनुभव. मोजणीखात्यातील माझ्या चाकरीचा बराच काळ या पायथ्याच्या गावांत गेला, आणि आज निवृत्तीनंतर मागे वळून पाहता असे वाटते की, जमिनीविषयी जे काही मला कळले त्याहून माणसांविषयी, व त्यातही माझ्या स्वतःविषयी, जे कळले तेही पुष्कळसे त्या खडकाळ धुऱ्यांवरच कळले.

रोहिणखेड हे नाव इतिहास वाचणारांस अपरिचित नाही. दख्खनमधून खानदेशाकडे व बुऱ्हाणपुराकडे उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी ते वसलेले असल्यामुळे फौजांच्या पायांखाली ते वारंवार आले. 1437 साली बहमनी सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाचा पराभव केला तो याच ठिकाणी. आणि पुढे दीडशे वर्षांनी बुऱ्हाण निजामशहाने महदवी पंथाचा प्रबळ सरदार जमालखान याचा पाडाव करून अहमदनगरचे तख्त मिळविले तेही येथेच. निजामशाही अंमलात 1582 साली खुदावंदखान महदवी याने बांधविलेली दगडी मशीद गावात अद्याप उभी असून तिची गणना संरक्षित स्मारकांत होते. परंतु ज्याच्या वावराची मोजणी करावयास मी जात असे त्या शेतकऱ्यास या तख्तपालटांची फारशी दरकार नसे. त्याच्या वावरात नांगराचा फाळ नेमका कोठे अडतो, पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यात तुंबते आणि शेजाऱ्याने धुरा कोठे कोरला आहे, ही त्याची बखर. आणि ती त्याला तोंडपाठ असे.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लागवडीखालील क्षेत्राच्या जोडीनेच पोटखराब क्षेत्राचा एक रकाना असतो. सामान्य माणसाचे त्याकडे लक्ष जात नाही. गेले तर ते नाखुशीने जाते, कारण आपल्या मालकीच्या वस्तूत काही खराब आहे हे छापील कागदावर पाहणे कोणालाच रुचत नाही. महसूल नियमांनी या पोटखराबाचे दोन वर्ग केले आहेत. ज्या जमिनीवर रस्ता किंवा मान्य पायवाट आहे, दुसऱ्यांच्या शेतीला वा पिण्याला पाणी पुरविणारे तळे अगर ओढा आहे, जेथे मुडदे पुरले जातात किंवा कुंभार माती खणतात, ती सार्वजनिक उपयोगाची म्हणून ‘ब’ वर्गात पडते. मशागतीस अयोग्य ठरलेली खडकाळ अथवा घळीची जमीन, आणि तिच्याबरोबर धारकाचा शेतातला गोठा, घर व खळे, ही ‘अ’ वर्गात. या जमिनीवर आकारणी होत नाही. परंतु ती मालकाच्या एकूण क्षेत्रात धरली जाते, विकताना तिची नोंद होते, वाटणीत तिचा हिस्सा पडतो. सरकार म्हणते, हे तुझेच आहे, मात्र याचा सारा आम्ही तुझ्याकडून घेणार नाही. उभ्या महसूल कायद्यात इतका समंजस रकाना मला दुसरा आढळला नाही.

त्यातही खळ्याची गोष्ट मला फार काळ नवलाची वाटत आली. चार महिने पावसात आणि चार महिने थंडीत राबून जे धान्य वावरभर विखुरलेले असते ते सारे अखेरीस ज्या चिमूटभर जागी गोळा होते, जेथे शेणसडा घालून जमीन चोपून पाटासारखी केलेली असते, जेथे बैलांची पात फिरते, वाऱ्यावर उपणणी होते, जेथे पूर्वी बलुतेदार आपापले वाटे घ्यावयास उभे राहत, आणि जेथे पहिली रास भरताना शेतकरी पायांतील वहाणा काढून ठेवतो, ती जागा सरकारी दप्तरात पोटखराब! नियम लिहिणाऱ्याला यात काही विसंगती वाटली नसावी, व त्याचे काही चुकलेही नाही; तेथे काही पेरले जात नाही, म्हणून तेथून सारा नाही, इतकाच त्याचा हिशेब. पण कच्चे टिपण काढताना खळ्याचा वाटोळा आकार रेखून त्यात ‘पो. ख.’ अशी अक्षरे लिहू लागलो की माझी पेन्सिल क्षणभर थबकत असे खरी.

वऱ्हाडात आज जी जमीनमोजणी आणि प्रतबंदी आपण पाहतो तिचे मूळ मुंबई इलाख्यात आहे. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर, 1861 पासून पुढे, मुंबईच्या पद्धतीने येथे मोजणी सुरू झाली. ती पद्धत गोल्डस्मिड नावाचा मुलकी अधिकारी आणि विंगेट नावाचा लष्करी इंजिनिअर या दोघांनी 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात प्रथम उभारली व 1847 च्या संयुक्त अहवालात तिला कायम रूप दिले. परंतु त्याच्याही अगोदर दख्खनमध्ये प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने एक मोजणी केली होती. हा प्रिंगल विद्वान मनुष्य. अर्थशास्त्रातील नव्या सिद्धांतांवर त्याची श्रद्धा. प्रत्येक शेताचे सर्व खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढावयाचे आणि त्याच्या ठरावीक हिश्श्याने सारा बसवावयाचा, असा त्याचा संकल्प होता. कागदावर याहून निर्दोष योजना संभवत नाही. ती प्रत्यक्षात उतरविण्यास जे हात लागले ते मात्र गरजू, घाईचे आणि प्रसंगी लाचखाऊ असे. आकडे बारीक होत गेले तसतसे ते खोटे होत गेले, गावेच्या गावे जड साऱ्याखाली ओस पडू लागली, आणि अखेर ती मोजणी मोडीत काढावी लागली. मागून आलेल्या गोल्डस्मिड-विंगेट जोडीने निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. मोजणारा माणूस चुकणार, जमीन एकसारखी नसणार, हंगाम फसणार, हे गृहीत धरून त्यांनी ढोबळ परंतु तपासता येईल अशी पद्धत बांधली. आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. तिने रयतेचे दुःख संपले असे मी म्हणणार नाही. सावकारांविरुद्ध 1875 मध्ये दख्खनमध्ये जे दंगे झाले त्यांच्या कारणांत वाढलेल्या साऱ्याचेही नाव घेतले जाते. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, स्वतःच्या उणिवेसाठी जागा ठेवणारी पद्धत चालली आणि न ठेवणारी बुडाली.

या पद्धतीतील प्रतबंदीचे काम तर पाहण्यासारखे. प्रतवारी करणारा कारकून शेताचे काल्पनिक चौकोन पाडी, प्रत्येक चौकोनात खणून मातीची खोली हातांनी मोजी, तिचा रंग व पोत पाही, आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंतच्या नऊ प्रतींपैकी एक त्या चौकोनात लिही. इतके झाल्यावर दोषांची पाळी येई. दोष सात मानलेले होते: मातीत चुनखडीचे कण असणे, जवळजवळ निम्मी वाळू मिसळलेली असणे, जमीन उतरती असणे, मातीच्या कणांत बांधणी नसणे, पाणी जिरू न देणारे मिश्रण असणे, वाहत्या पाण्याखाली जाण्याचे भय असणे आणि उपळट असणे. या प्रत्येकाला एक चिन्ह ठरलेले होते: कोठे टिंबे, कोठे तिरपी रेघ, कोठे फुली, कोठे वर्तुळ. जितकी चिन्हे पडत तितक्या प्रती जमीन खाली उतरे. बस्स, याहून अधिक काही नाही. असली जुनी, कडा झिजलेली प्रतवारीची पाने हाताळताना माझ्या मनात येई की, दोषांची इतकी खडान्‌खडा नोंद आणि तरीही निंदेचा एक शब्द नाही, असे लिखाण आपण माणसांविषयी कधी करतो काय? आपण एक तर दोष दडवितो, नाही तर त्याचा डांगोरा पिटतो. चिन्ह घालावे, एक प्रत वजा करावी आणि पुढच्या चौकोनाकडे वळावे, ही रीत आपल्या घरांत आणि कचेऱ्यांत अजून यावयाची आहे.

पायथ्याच्या एका वावरात फेरमोजणी चालली असता मी मालकाला सहज म्हणालो की, या दक्षिणेच्या बाजूस गोटे फार आहेत, त्याची नोंद जुन्या टिपणात नीट दिसत नाही. तो म्हातारा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “गोटे हायेत तं हायेत, सायब. बैलायलेबी माहीत हाये, मलेबी माहीत हाये. तुमच्या कागदालेच तेवढं माहीत नव्हतं.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती की लाजही नव्हती. मी त्याच्या समक्ष ती हद्द टिपणात घेतली. मला आठवते त्याप्रमाणे त्याने नंतर चहा मागविला आणि त्या गोट्यांच्या जागी त्याच्या आजाने विहीर खणण्याचा केलेला फसलेला खटाटोप, घराण्यातील एखादा पराक्रम सांगावा तसा, रंगवून सांगितला.

मोजणीची हत्यारे तरी कोठे निर्दोष असतात? आमची जुनी साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. ही लोखंडी साखळी वापरता वापरता वाढते. तिच्या कड्या ताणाने उघडतात, आणि लांबलेली साखळी जमीन कमी दाखविते; उलट, एखादी दांडी वाकली किंवा कड्यांत चिखल बसला तर ती आखूड होते व जमीन जास्त दाखविते. म्हणून कचेरीच्या आवारात ठरावीक अंतरावर पक्क्या खुणा रोवलेल्या असत व त्यांवर साखळी ताणून पाहावयाची असे. साखळी किती वाढली हे एकदा कळले की तिला टाकून देण्याचे काहीच कारण नसते. तेवढा फरक हिशेबात धरून तिच्याकडून वर्षानुवर्षे बिनचूक काम घेता येते. भीती असते ती नव्या कोऱ्या, चकचकीत, म्हणूनच कोणी न तपासलेल्या फितीची. शिवाय डोंगर-उताराच्या जमिनीवर साखळी आडवी धरून टप्प्याटप्प्याने खाली उतरावे लागे, कारण दप्तराला हवे असते ते सपाट क्षेत्र. यामुळे रोहिणखेडच्या डोंगरालगतचा शेतकरी उताऱ्यावर लिहिलेल्या क्षेत्राहून थोडी अधिकच जमीन नांगरतो आणि त्याचे बैल सरकारी हिशेबाहून अधिक चालतात. ही तफावत त्याला समजावून सांगण्याचा मी काही वेळा प्रयत्न केला. बैलांना मात्र ती प्रथमपासूनच समजलेली होती.

हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा जनक विल्यम लँबटन याची हकीकत मी प्रशिक्षणाच्या काळात प्रथम ऐकली तेव्हापासून ती माझ्या मनात घर करून आहे. 1802 साली मद्रासेजवळ त्याने पायारेषा मोजली व तेथून हिंदुस्थानच्या मापनाला आरंभ केला. त्याचे मोठे थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचे होते. 1808 साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर ते चढविताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि ज्या वर्तुळावर सारे कोन वाचावयाचे तेच वेडेवाकडे झाले. विलायतेहून दुसरे येण्यास कित्येक महिने लागले असते. लँबटनने तंबूत स्वतःस कोंडून घेतले आणि सुमारे दीड महिना खपून ते वर्तुळ पाचरी व मळसूत्रांनी हळूहळू ताणून पुन्हा जाग्यावर आणले. त्यापुढील कित्येक वर्षांचे काम त्याने त्याच दुखावलेल्या यंत्रावर केले. फक्त प्रत्येक कोन तो वर्तुळाच्या निरनिराळ्या भागांवर पुनःपुन्हा वाची, म्हणजे एका जागचा वाकडेपणा दुसऱ्या जागी फिटून जाई. काम करीत करीत तो उत्तरेकडे येत राहिला आणि 1823 च्या जानेवारीत आमच्या विदर्भातच, हिंगणघाट येथे, त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथे आहे. तिच्यासमोर उभे राहण्याचा योग मला आला तेव्हा माझ्यासोबतच्या एका सद्‌गृहस्थांनी, एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने मोडके यंत्र कसे वापरले, अशी पृच्छा केली. प्रश्न रास्त होता. पण यंत्र कोठे मोडले आहे हे लँबटनइतके नेमके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते, हे त्याचे उत्तरही तितकेच रास्त आहे.

माझ्या वाट्याला जे प्लेन टेबल आले त्याच्या फळीत एक गाठ होती. सागवानाची ती फळी उन्हापावसात थोडी आक्रसली आणि गाठ जागची वर आली. तिच्यावरून पेन्सिल गेली की कागद किंचित उचले व रेघ फरकटे. बदली फळीची मागणी रीतसर केलेली होती, व ती रीतसर प्रलंबित होती. तेव्हा मी कागद लावतानाच असा बेत करू लागलो की, नकाशातील ओढा, नाला अथवा खडकाचा टापू त्या गाठीवर यावा आणि हद्दीच्या रेषा गुळगुळीत भागावर पडाव्या. ओढ्याची कड तशीही वाकडीच असते. तेथे गाठीने घातलेली भर कोणाचे नुकसान करीत नसे. माझा शिपाई, जो या विद्येत माझ्याहून जुना होता, टेबलाचे पाय रोवताना मला विचारीत असे, “गाठ कोनीकडं ठेवू, सायब?” आणि मी नदीनाल्याची दिशा दाखवीत असे. पुढे नवी फळी आली, तेव्हा त्याला आणि मलाही कागद कोठून लावावा हे दोन दिवस सुचेना.

आता माझ्या स्वतःच्या फळीतील गाठीविषयी. लहानपणच्या पोलिओने माझा डावा पाय उजव्याहून थोडा आखूड व अशक्त राहिला. मोजणीदाराचे काम पायांचे. आणि मुलाखतीच्या वेळी समोरच्या गृहस्थांची दृष्टी माझ्या कागदपत्रांवरून घसरून टेबलाखाली जाऊ पाहत होती हे मला दिसत होते. नोकरी मिळाली; पण सुरुवातीचा बराच काळ मी चालणे लपविण्यात घालविला. चौकोनी आखीव धुऱ्यावरून जाताना पाय ताणून टाकावा, लोक पाहत असतील तेथे थांबून कागद पाहिल्याचा बहाणा करावा, असले उपद्व्याप. पायथ्याच्या गावांत त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. तेथील माणसे मला उघडपणे “लंगळे सायब” म्हणत. त्यांच्या तोंडी त्यात कुचेष्टा नसे. दोन मोजणीदार गावात येऊन गेले असतील तर कोणता, हे सांगण्याची ती सर्वांत सोपी खूण होती, जशी ‘निंबवालं वावर’ आणि ‘चिभडवालं वावर’ ही खूण.

मोजणीत तेव्हा पावलीचाही उपयोग असे. साखळी लावण्यापूर्वी अंदाज घ्यावयाचा, किंवा साखळीचा आकडा लिहिताना गडी एखादी पूर्ण साखळी विसरला नाही ना याची पारख करावयाची, तर पावलांनी चालून पाहावयाचे. माझे एक पाऊल लांब आणि एक आखूड, म्हणून हे काम आपल्याला वर्ज्य असे मी धरून चाललो होतो. एका वृद्ध निमतानदारांनी, म्हणजे ज्यांचे काम आमची मोजणी पुन्हा तपासण्याचे असे त्यांनी, मला तपासलेल्या अंतरावर पुनःपुन्हा चालावयास लावले आणि पावले न मोजता पावलांच्या जोड्या मोजण्यास सांगितले. डावे-उजवे मिळून जी जोडी होई ती दर वेळी तेवढीच भरे. चांगल्या पायांच्या माणसाची पावले थकवा आला की आखडतात आणि उत्साह आला की लांबतात. माझा आखूड पाय मला घाई करू देत नसल्यामुळे माझी जोडी सकाळी जेवढी तेवढीच तिसऱ्या प्रहरी. निमतानदार म्हणाले, “आता हे तुमचं माप झालं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.” मी लिहिले. त्या वहीत साखळीची वाढ, फळीची गाठ आणि माझी जोडपावली अशा तीन नोंदी एकाखाली एक होत्या, आणि त्या लिहिताना मला जे वाटले त्यास सांत्वन म्हणता येणार नाही. ती एक प्रकारची सोय होती. पाय बरा झाला नाही, तो सुंदरही वाटू लागला नाही. त्याच्यामुळे डोंगराचे चढ मला आजही नको वाटतात. केवळ त्याचा आकडा मिळाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोष मान्य करणे म्हणजे दोषाकडे डोळेझाक करणे, असा अर्थ आळशी मंडळी फार लवकर काढतात. पायथ्याच्या शेतकऱ्याने तसा काढलेला मी पाहिला नाही. त्याने उतारावर आडवे ताल घातले, गोटे वेचून धुऱ्यावर रचले, घळीच्या तोंडाशी दगडी बांध टाकून माती अडविली; जेथे काहीच चालले नाही तेथे गुरांसाठी गवत राखले आणि बाभळी वाढू दिल्या. कोणती गोष्ट हातांनी निघण्यासारखी आहे आणि कोणती रकान्यात लिहावयाची आहे, हा निवाडा मात्र तो दर पावसाळ्यानंतर नव्याने करी.

हा निवाडा किती बिकट होऊ शकतो हे मला दोन भावांच्या वाटणीत दिसले. वडील वारलेले, वावर पायथ्याचे, बरेच मोठे. उत्तरेचे अर्धे काळे, दक्षिणेच्या अंगास खडकाचा टेपाड, त्यावर एक निंब, टेपाडाच्या पोटाशी खळे, आणि पलीकडे नाला. क्षेत्राची निमपट करावी, असा अर्ज. निमपट करणे सोपे होते. प्रश्न पोटखराबाचा होता. धाकटा म्हणे, खराबा आपणांस नकोच, थोरल्याने घ्यावा व त्याबद्दल त्याला लागवडीची जमीन जास्त देऊ नये, कारण क्षेत्र तर समान होते. थोरला काही बोलेना. त्यांची आई धुऱ्यावर बसली होती, तिने आपला पदर सावरीत धाकट्याला विचारले, “तुह्या बापानं जेवण कुठं केलं रे सारी जिंदगी? काळ्या वावरात उन्हात बसून का?” यावर धाकटा हसला, पण मागणी त्याने सोडली नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तो चुकतही नव्हता.

पंचांनी तोडगा सुचविला की, पोटखराबाचेही दोन समान भाग करून रेघ थेट टेपाडावरून न्यावी. अशाने निंब एकाकडे, खळे निम्मे निम्मे, आणि नाल्याकडची वाट दोघांच्या मधून गेली असती. म्हणजे न्याय पुरा झाला असता आणि टेपाड कोणाच्याच उपयोगाचे राहिले नसते. तेव्हा थोरल्याने तोंड उघडले. सारा खराबा त्याने स्वतःकडे मागितला, आणि त्या बदल्यात काळ्यातील थोडा भाग, धाकट्याला परवडेल एवढाच. अट इतकीच की सुगीत धाकट्याचाही माल याच खळ्यावर यावा. मी पाहत होतो, थोरल्याचा हिशेब भावनेचा नव्हता. गुरे त्याच्याकडे होती, गवत त्याला हवे होते, सावली हवी होती, आणि खळे ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे सुगीत सारे गाव येऊन जाते हे तो जाणून होता. जबाब लिहिले गेले, अंगठे आणि सह्या झाल्या, हद्दीचे दगड रोवले. थोरल्याच्या हिश्श्यात पोटखराबाचा आकडा मोठा पडला; तो वाचून दाखविला तेव्हा त्याने मान डोलाविली आणि आकडा बरोबर लिहिल्याबद्दल मला विडी देऊ केली.

अलीकडे मोजणी उपग्रहांच्या आधारे होते. रोव्हर नावाची काठी हद्दीच्या दगडावर उभी केली की काही सेंटिमीटरांच्या आत तिचे स्थान कळते. साखळी नको, पावली नको, फळीची गाठ तर नकोच नको. हे उत्तम झाले, आणि ज्यांना जुन्या साखळीचे उमाळे येतात त्यांच्यात मी नाही. परंतु नवे तरुण भूकरमापक मधूनमधून भेटतात व जुन्या टिपणाशी नव्या आकड्यांचा मेळ बसत नाही म्हणून कष्टी होतात. मी त्यांना विचारतो की, तफावत कोठे आहे, सर्वत्र सारखी आहे की एका बाजूसच? सर्वत्र सारखी असेल तर ती साखळीची वाढ. एका बाजूसच असेल तर तेथे उतार आहे, ओढा सरकला आहे किंवा शेजारी सरकला आहे. जुन्या नकाशाचा दोषही, कोठून आला ते कळले, तर साक्षीदाराइतका उपयोगी पडतो.

2018 मध्ये महसूल नियमांत दुरुस्ती होऊन, ‘अ’ वर्गाच्या पोटखराबावर शेतकऱ्याने मेहनतीने लागवड केली असेल तर ते क्षेत्र लागवडीयोग्य म्हणून नोंदविण्याची व त्यावर आकारणी करण्याची सोय झाली. या जमिनीला पीककर्ज, विमा, संपादनाचा मोबदला यांत न्याय मिळावा हा त्यामागील उद्देश, आणि तो योग्यच आहे. त्या दोघा भावांपैकी धाकट्याचा मुलगा, शिकलेला आणि हुशार, मध्यंतरी माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यास आला. चुलत्याला मूल नसल्याने सारे वावर आता तोच करतो; जेसीबी लावून त्याने टेपाडाचा बराच भाग फोडला, नाल्याचा गाळ आणून पसरला, आणि तेथे गेली काही वर्षे तूर घेतो. सबंध पोटखराब क्षेत्र लागवडीखाली आल्याचे लिहावे, असे त्याचे म्हणणे होते. सोबत त्याचा चुलता, तो थोरला, आता बराच थकलेला, काठी टेकून आला होता.

मी आकडे मांडू लागलो तेव्हा म्हाताऱ्याने खळ्याची जागा आणि निंबाखालची जागा अर्जातून वगळण्यास सांगितले. पुतण्या म्हणाला, खळे आता राहिले कोठे. बैल विकले, पात गेली, सोयाबीन नि तूर मळणीच्या हडंब्यातून निघते, एका दिवसात पोती भरून मोकळे. मग ती जागा कोरडी ठेवून काय मिळवावयाचे? त्याचा युक्तिवाद निरुत्तर करणारा होता. मीही लेखणी थांबवून म्हाताऱ्याकडे पाहिले.

“आन् तो हडंबा,” म्हातारा म्हणाला, “उभा कुठं करतं रे तू?”

पुतण्याने थोडा विचार केला आणि मला आकडा कमी करून लिहावयास सांगितले.